पॉलिमरेजला थांबवते कोण?

जीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत प्रतिलेखनाचे तीन टप्पे दिलेले असतात: आरंभ, साखळीची वाढ आणि समाप्ती. पहिल्या टप्प्याला दोन-तीन परिच्छेद आणि एक आकृती मिळते, दुसऱ्याला आणखी एक आकृती. तिसरा टप्पा मात्र बहुधा एका वाक्यात उरकलेला असतो. जीवाणूंमधील 'ऱ्हो' नावाच्या घटकाचा उल्लेख होतो आणि धडा पुढे सरकतो. वर्गातल्या एखाद्या मुलीने हात वर करून "पण माणसाच्या पेशीत काय होतं?" असे विचारले, तर शिक्षकांची पंचाईत होते. यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. आम्हा संशोधक मंडळींनाही या प्रश्नाचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर मिळायला २०२० साल उजाडावे लागले. उत्तराचा पहिला धागा १९७६ मध्ये हाती लागला होता, हे लक्षात घेतले तर या एका वाक्यामागे ४४ वर्षांची खटपट आहे. ती समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात एका आजाराचे कोडे आहे, दोन गटांचा दीर्घ वाद आहे आणि सातवी-आठवीच्या मुलांना सोडवता येईल असे काळ-काम-वेगाचे एक गणितही आहे.

आधी थोडी उजळणी करू. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. त्यावरील एखाद्या जनुकातला मजकूर वापरायचा असेल, तर त्याची आरएनएच्या रूपात नक्कल केली जाते. हेच प्रतिलेखन. प्रथिनांची माहिती असलेल्या मानवी जनुकांची नक्कल आरएनए पॉलिमरेज-२ हे विकर करते. (पॉलिमरेज-१ आणि पॉलिमरेज-३ यांची कामे वेगळी, त्यांच्याकडे शेवटी धावती नजर टाकू.) नकलेतून मधले निरुपयोगी तुकडे काढून टाकले जातात, दोन्ही टोकांना काही जोडकाम होते आणि तयार झालेला संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर जातो. येथवर सर्वांना माहीत असते.

सुटायचे नाही, असे यंत्र

आता या पॉलिमरेज-२ कडे जरा बारकाईने पाहू. बारा प्रथिनांचे मिळून झालेले हे यंत्र मिनिटाला साधारण दोन ते तीन हजार अक्षरांची नक्कल करते. हा वेग कमी वाटत नाही, पण मानवी जनुके लांबलचक असतात. स्नायूंमधील डिस्ट्रोफिन या प्रथिनाचे जनुक तर २२ लाख अक्षरांहून लांब आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची एक नक्कल काढायला सुमारे १६ तास लागतात. या १६ तासांत पॉलिमरेज एकदाही डीएनएवरून निसटून चालत नाही. निसटलेच, तर सोडल्या जागेवरून पुन्हा सुरुवात करता येत नाही. अर्धवट नक्कल वाया जाते आणि पहिल्या अक्षरापासून नव्याने श्रीगणेशा करावा लागतो.

म्हणून पॉलिमरेजची पकड विलक्षण घट्ट असते. डीएनएचे दोन धागे त्याच्या पोटात उलगडलेले असतात, त्यांतल्या एका धाग्याला नव्या आरएनएची शेवटची आठ-नऊ अक्षरे जोडी जमवून चिकटलेली असतात आणि यंत्राचा जबडा या सर्वांवर मिटलेला असतो.

आणि नेमक्या याच यंत्राला जनुक संपल्यावर सुटायचे असते. जे यंत्र १६ तास सुटू नये म्हणून घडवले आहे, ते योग्य जागी सुटावे कसे? समाप्तीचा खरा प्रश्न हा आहे. 'थांबा' असा एखादा शब्द डीएनएवर लिहून भागत नाही, कारण पॉलिमरेजला मजकुराचा अर्थ कळत नाही. समोर येईल त्या अक्षराची नक्कल करायची, एवढेच त्याला ठाऊक.

एखादे यंत्र चार पावले पुढे गेले तर काय बिघडले, असेही कोणी म्हणेल. किती बिघडते, हे सौदी अरेबियातील काही रुग्णांनी दाखवून दिले.

चार जनुके आणि न जुळणारा हिशेब

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका रेणूत आल्फा प्रकारच्या दोन आणि बीटा प्रकारच्या दोन साखळ्या असतात. आल्फा साखळीची जनुके १६ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एकापुढे एक अशी जोडीने असतात. पुढच्याला आल्फा-२ आणि त्याच्या मागच्याला आल्फा-१ म्हणतात. गुणसूत्रे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी मिळत असल्याने प्रत्येकाजवळ एकूण चार आल्फा जनुके असतात. यांतले एक गळाले तर माणसाला पत्ताही लागत नाही. दोन गळाली तर तांबड्या पेशी थोड्या लहान होतात, पण प्रकृती ठीक असते. तीन गळाली तर हिमोग्लोबिन-एच आजार होतो: रक्तक्षय, वाढलेली प्लीहा, वरचेवर थकवा. चारही गळाली तर मूल जन्माआधीच किंवा जन्मताच दगावते. आल्फा थॅलेसेमिया म्हणतात तो हाच.

१९८० मध्ये डेव्हिड वेदरॉल, डग्लस हिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिन-एच आजार असलेल्या काही सौदी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आश्चर्य असे, की त्यांची चारही आल्फा जनुके जागेवर होती. एकही गळाले नव्हते. १९८३ मध्ये दोष सापडला. दोन्ही गुणसूत्रांवरील आल्फा-२ च्या शेवटाजवळ एकच अक्षर बदलले होते. ए-ए-टी-ए-ए-ए या सहा अक्षरांच्या जागी ए-ए-टी-ए-ए-जी झाले होते. (१९९४ मध्ये भारतीय वंशाच्या रुग्णांत याच सहा अक्षरांपैकी दोन ए गळाल्याचे आढळले.) पण एवढ्याने हिशेब जुळत नव्हता. चारांपैकी दोनच जनुके नादुरुस्त असताना आजार मात्र तीन गेल्यासारखा! त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे, ज्यांच्या दोन्ही गुणसूत्रांवरून आल्फा-२ समूळ गळाले आहे असे लोकही जगात आहेत, आणि त्यांना फारसा त्रास होत नाही. जनुक पूर्ण नाहीसे होण्यापेक्षा त्यातले एक अक्षर बदलणे अधिक वाईट कसे?

याचे एक कारण असे, की आल्फा-२ नाहीसे झाले तर मागचे आल्फा-१ अधिक जोमाने काम करू लागते. आल्फा-२ जागेवर असले तर तसे होत नाही. दुसरे कारण कळण्यासाठी त्या सहा अक्षरांचे काम पाहावे लागेल.

सहा अक्षरे

१९७६ मध्ये केंब्रिज येथे निक प्राउडफूट आणि जॉर्ज ब्राउनली हे निरनिराळ्या प्राण्यांच्या संदेशवाहक आरएनएंची शेवटची अक्षरे एकाखाली एक मांडून पाहत होते. बाकी मजकूर वेगवेगळा, पण शेवटाच्या थोडे अलीकडे प्रत्येकात ए-ए-यू-ए-ए-ए ही सहा अक्षरे हजर. (डीएनएतील टी म्हणजे आरएनएतील यू.) पुढे कळले, की ही कापण्याची खूण आहे. पॉलिमरेजमधून बाहेर पडणाऱ्या आरएनएवर ही खूण दिसली, की पंधरा-वीस प्रथिनांचा एक ताफा तिला पकडतो आणि तिच्यापुढे १० ते ३० अक्षरांवर आरएनए कापतो. कापलेल्या टोकाला दुसरे एक विकर नमुन्याशिवायच ए, ए, ए अशी दोनशे-अडीचशे अक्षरांची शेपटी जोडते. प्रत्यक्ष कात्री म्हणजे सीपीएसएफ-७३ हे प्रथिन. गंमत म्हणजे ताफ्यातली इतर मंडळी ओळखीची झाली तरी कात्री कोणाच्या हातात आहे, हे बरीच वर्षे ठरत नव्हते. २००६ मध्ये या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा शंका उरली नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण विद्यार्थ्यांचा (आणि पुष्कळ पुस्तकांचाही) येथे घोटाळा होतो. संदेशवाहक आरएनएचा शेवट आणि प्रतिलेखनाचा शेवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएनए कापला जातो, त्या जागी पॉलिमरेज थांबत नाही. नक्कल कापून घेतली तरी ते तसेच पुढे जात राहते, बहुधा आणखी काही हजार अक्षरे, आणि मग कुठेतरी डीएनएवरून उतरते. हे पुढचे आरएनए पेशीच्या काहीच कामाचे नसते. ते लगेच नष्ट होत असल्याने पूर्वी ते कोणाच्या नजरेलाही पडत नसे.

आता सौदी रुग्णांकडे परत जाऊ. प्राउडफूट आणि एमा व्हाइटलॉ यांनी हे बदललेले आल्फा-२ जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातले आणि डीएनएच्या कोणत्या भागावर पॉलिमरेज काम करत आहेत, याची किरणोत्सारी अक्षरे वापरून मोजदाद केली. निरोगी जनुकात शेवटानंतर थोड्याच अंतरावर पॉलिमरेज उतरून जात होते. बदललेल्या जनुकात मात्र ते उतरतच नव्हते. कापण्याची खूण बिघडली, तर पॉलिमरेजला थांबताही येत नाही, हा १९८६ मधील निष्कर्ष फार महत्त्वाचा ठरला. त्याच वर्षी प्राउडफूट यांनी असेही दाखवले, की एकापुढे एक ठेवलेल्या दोन आल्फा जनुकांत पुढच्या जनुकावरून सुटलेले पॉलिमरेज मागच्या जनुकाच्या आरंभस्थळावरून धडधडत जाते आणि तेथे नव्या पॉलिमरेजला बस्तान बसवू देत नाही. आल्फा-२ आणि आल्फा-१ यांच्यात अंतर असते जेमतेम तीन-चार हजार अक्षरांचे. म्हणजे बिघडलेले आल्फा-२ आपण तर बुडतेच, वर शेजारच्या धडधाकट आल्फा-१ लाही बुडवते. गळालेले जनुक निदान शेजाऱ्याला त्रास देत नाही.

वाद: बदल की पाठलाग?

खूण आरएनएवर, कापाकापी आरएनएची, आणि थांबायचे आहे पॉलिमरेजला. ते तर तोवर पुढे निघून गेलेले. मग कापल्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचते कशी?

दोन उत्तरे जवळपास एकाच वेळी पुढे आली. १९८७ मध्ये मांडले गेलेले उत्तर असे: खुणेवरून जाताना पॉलिमरेजमध्येच काहीतरी बदल होतो. त्याला पळते ठेवणारी मदतनीस प्रथिने गळून पडतात किंवा वेगळी येऊन चिकटतात, त्याची पकड सैल होते आणि ते काही अंतरावर सुटते. हे न पटण्यासारखे नव्हते. पॉलिमरेजला एक लांब शेपूट असते. सात अमिनो आम्लांचा तोच तो तुकडा माणसात ५२ वेळा लागोपाठ येऊन ते बनलेले असते. कापणाऱ्या ताफ्यातील काही प्रथिने या शेपटावर बसूनच प्रवास करतात. मग गाडीत बसलेल्या माणसांनी गाडीवानाला काही सांगितले, तर त्यात नवल काय?

१९८८ मध्ये शीला कॉनली आणि जेम्स मॅन्ली यांनी दुसरे उत्तर सुचवले. ते समजण्यासाठी आरएनएच्या पुढच्या टोकाकडे पाहायला हवे. पॉलिमरेजने वीस-तीस अक्षरे लिहिली न लिहिली, तोच आरएनएच्या पहिल्या टोकावर एक रासायनिक टोपी चढवली जाते. पेशीत आरएनए कुरतडणारी विकरे असतात. त्यांतली काही पहिल्या टोकाकडून कुरतडतात. टोपी असेल, तर त्यांना दात लावायला जागा मिळत नाही. आता कात्री चालली म्हणजे काय होते पाहा. टोपीचा भाग संदेश घेऊन निघून गेला. पॉलिमरेजच्या तोंडातून अजून लोंबणाऱ्या उरलेल्या आरएनएला एक नवे, उघडे, बिनटोपीचे टोक मिळाले. कुरतडणाऱ्या विकराला हेच हवे होते. ते या टोकाला धरते आणि आरएनए खात खात पॉलिमरेजच्या मागे लागते. शेवटी त्याला गाठून डीएनएवरून खाली पाडते.

या कल्पनेला पुढे 'टॉर्पेडो' हे नाव पडले. आम्हाला ते फारसे आवडत नाही. येथे काहीच फुटत नाही. दिवाळीतल्या सुतळी बाँबची पेटलेली वात अधिक जवळची वाटते: आग एका टोकाने धरते आणि सरसर दुसऱ्या टोकाकडे जाते. फरक एवढाच, की येथे दुसऱ्या टोकाला वात अजून वळली जात आहे. पॉलिमरेज नवा धागा काढतच असते. वात वळणारा जर आगीपेक्षा जास्त चपळ असला, तर आग त्याच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही.

म्हणजे हे चोर-पोलिसांचे गणित झाले. मुलांना जरूर घालून पाहा. (पुढचे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.) समजा, कात्री चालली तेव्हा पॉलिमरेज १००० अक्षरे पुढे आहे आणि मिनिटाला २००० अक्षरांच्या वेगाने पळत आहे. मागचे विकर मिनिटाला २५०० अक्षरे खाते. अंतर मिनिटाला ५०० ने घटते, म्हणून गाठायला दोन मिनिटे लागतात. तेवढ्यात पॉलिमरेज आणखी ४००० अक्षरे पुढे गेलेले असते. आता पॉलिमरेजचा वेग कमी होऊन मिनिटाला ५०० झाला असे धरू. मग अर्ध्या मिनिटात काम होते आणि पॉलिमरेज फक्त २५० अक्षरे पुढे जाते. वेग २५०० च्या वर असेल, तर पाठलाग फुकट. चोराचा वेग जरा कमी झाला, तर पोलिसांचे काम किती सोपे होते, हे मुलांच्या चटकन लक्षात येईल. संशोधकांच्या लक्षात यायला मात्र तीस वर्षे लागली.

निवाडा

कुरतडणारे विकर २००४ मध्ये ओळखले गेले. प्राउडफूट यांच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन वेस्ट आणि नतालिया ग्रोमाक यांना मानवी पेशीत एक्सआरएन-२ सापडले. त्याच सुमारास अमेरिकेत स्टीफन बुराटोव्स्की यांच्या गटाला यीस्टमध्ये त्याचाच भाऊबंद असलेले रॅट-१ मिळाले. एक्सआरएन-२ कमी केले, की पॉलिमरेज थांबायच्या जागेच्या पुढे जात होते. पाठलागाची बाजू जिंकली असे वाटले. पण नंतर इतर काही प्रयोगांत हे विकर कमी करूनही फारसा फरक पडेना आणि वाद पुन्हा पेटला.

अडचण पद्धतीत होती. विकराची निर्मिती बंद केली, तरी आधी तयार झालेले विकर दोन-तीन दिवस रेंगाळते. थोडेसे उरले तरी काम भागते. शिवाय इतक्या दिवसांत पेशीत इतर दहा गोष्टी बिघडतात. यावर तोडगा मिळाला तो वनस्पतींकडून. ऑक्झिन हे वनस्पतींचे संप्रेरक आपण दहावीला शिकवतो. ऑक्झिन मिळताच काही ठरावीक प्रथिने मोडून टाकण्याची व्यवस्था वनस्पतींत असते. भाताच्या रोपातला या व्यवस्थेचा एक भाग मानवी पेशीत बसवायचा, एक्सआरएन-२ ला तशी खूण लावायची आणि पेशींना ऑक्झिन द्यायचे. एखाद्या तासात विकर जवळजवळ नाहीसे होते. एक्सेटर विद्यापीठातील वेस्ट यांच्या गटाने २०१८ मध्ये असे करून पाहिले, तेव्हा हजारो जनुकांवरची पॉलिमरेज थांबायच्या जागा ओलांडून पुढे गेलेली दिसली.

त्याआधी, २०१५ मध्ये, कोलोरॅडो येथील डेव्हिड बेंटली यांच्या गटाने आपले चोर-पोलिसांचे गणितच पेशीत सोडवून दाखवले होते. त्यांनी जात्याच मंद आणि जात्याच वेगवान असे पॉलिमरेजचे दोन बदललेले प्रकार पेशींत घातले. मंद पॉलिमरेज लवकर थांबले, वेगवान पॉलिमरेज उशिरा. पाठलाग होत असेल, तर असेच घडायला हवे. आमच्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत देखणा प्रयोग हाच.

मग बदलाची बाजू हरली का? नाही. २०१९ मध्ये बेंटली यांच्याच गटाने पॉलिमरेजचा ब्रेक शोधून काढला. पॉलिमरेजबरोबर एसपीटी-५ नावाचे एक मदतनीस प्रथिन असते. त्याला फॉस्फेटचे गट चिकटलेले असेपर्यंत पॉलिमरेज जोरात पळते. कापण्याच्या खुणेपाशी आल्यावर पीपी-१ हे विकर पीएनयूटीएस या जोडीदाराच्या मदतीने हे फॉस्फेट काढून घेते आणि पॉलिमरेजचा वेग पडतो. पीपी-१ ला काम करू दिले नाही, तर पॉलिमरेज न मंदावता पळत राहते आणि पाठलाग लांबतो.

२०२० मध्ये वेस्ट यांच्या गटाने दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या. एक्सआरएन-२ काढून टाकले, तर पॉलिमरेज भरकटतात. पण कात्री, म्हणजे सीपीएसएफ-७३, काढून टाकली, तर त्याहून फार अधिक भरकटतात. कात्री नसेल, तर पाठलाग करायला उघडे टोक तर मिळत नाहीच, पण पॉलिमरेज पाडण्याजोगे होण्यासाठी त्याच्यात जो बदल व्हायला हवा, तोही नीट होत नाही. थोडक्यात, दोन्ही गट अर्धे बरोबर होते. खुणेपाशी पॉलिमरेज बदलते आणि मंदावते, कात्री चालते, उघड्या टोकाला एक्सआरएन-२ धरते आणि मंदावलेल्या पॉलिमरेजला गाठते. यातले काय आधी आणि काय महत्त्वाचे यावर तीस वर्षे भांडण झाले. खरे पाहता एकाने गाडीचा वेग कमी केल्याशिवाय दुसऱ्याला तिच्यात चढता येत नव्हते.

गाठल्यानंतर काय होते, याचे चित्र २०२४ मध्ये शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने यीस्टमध्ये टिपले गेले. पॉलिमरेजमधून आरएनए जेथून बाहेर पडतो, त्या दारालाच रॅट-१ जाऊन भिडते. खायला मोकळा आरएनए उरला नाही, की ओढाताण थेट पॉलिमरेजच्या पोटातल्या टोकाशी येते.

येथे जीवाणूंच्या ऱ्होकडे पुन्हा पाहण्यासारखे आहे. १९६९ मध्ये जेफ्री रॉबर्ट्स यांनी शोधलेला हा सहा घटकांचा कडीसारखा रेणूही आरएनएला धरतो आणि पॉलिमरेजच्या दिशेने सरकतो. तो आरएनए खात नाही, एवढेच. त्याला कधी चढायला मिळते? जीवाणूत प्रतिलेखन चालू असतानाच रायबोसोम आरएनएवर बसून प्रथिने बनवू लागतात. ते असेपर्यंत ऱ्होला जागा नसते. आरएनए उघडा पडला, की ऱ्हो चढतो. जीवाणूत रायबोसोमचे पांघरूण, आपल्यात टोपी. ते नाही असे दिसले, की हा आरएनए आता कामाचा नाही, असे पेशी समजते.

इतर पद्धती आणि काही उपद्व्याप

मानवी पेशीत सगळीकडे हीच पद्धत नाही. पॉलिमरेज-३ चार किंवा अधिक टी लागोपाठ आले की बरेचसे आपोआपच सुटते. पॉलिमरेज-१ च्या वाटेत डीएनएवर एक प्रथिन आडवे बसलेले असते. हिस्टोन प्रथिनांच्या बहुतेक आरएनएंना ए-ची शेपटी नसतेच, पण त्यांना कापणारी कात्री पुन्हा सीपीएसएफ-७३ हीच.

काही जनुकांत कापण्याच्या एकाहून अधिक खुणा असतात, आणि कोणती वापरायची हे पेशी ठरवते. आयजीएम या प्रतिपिंडाच्या बाबतीत हे १९८० मध्ये दिसून आले. बी-पेशी तरुण असताना दूरच्या खुणेपर्यंतचा आरएनए वापरते. त्यातून बनलेल्या प्रतिपिंडाला पेशीपटलात रुतून बसणारी मुळी असते. जंतूशी गाठ पडून ती पेशी पक्व झाली, की अलीकडच्या खुणेवर कापते. मुळी येत नाही आणि तेच प्रतिपिंड सुटे होऊन रक्तात जाते. जनुक तेच, कापण्याची जागा तेवढी बदलली.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूने या यंत्रणेतली उणीव बरोबर हेरली आहे. त्याचे एनएस-१ हे प्रथिन कापणाऱ्या ताफ्यातील सीपीएसएफ-३० ला, म्हणजे ती सहा अक्षरे वाचणाऱ्या सदस्यांपैकी एकाला, धरून ठेवते. पेशीचे आरएनए नीट कापले जात नाहीत आणि विषाणूला प्रतिकार करणारी प्रथिने वेळेवर तयार होत नाहीत. विषाणूचे स्वतःचे अडत नाही. त्याचे पॉलिमरेज एका ठरावीक जागी अडखळते आणि तीच तीच अक्षरे पुन्हा वाचून आपली ए-ची शेपटी आपणच बनवते.

खूण बिघडल्याने जसा आजार होतो, तसा ती प्रमाणाबाहेर चांगली झाल्यानेही होतो. रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनच्या जनुकात २०२१० क्रमांकाच्या जागी, अगदी कापण्याच्या बिंदूवर, काही लोकांत जी ऐवजी ए असतो. १९९६ मध्ये हा बदल सापडला. त्यामुळे कापणे अधिक सफाईने होते, प्रोथ्रॉम्बिन थोडे जास्त बनते आणि शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट वाढतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल अधूनमधून भेटतो. आपल्याकडे तो क्वचितच आढळतो.

आणि ही कात्री आता औषधाचे लक्ष्यही झाली आहे. आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या चाव्यातून निद्रारोगाचे परजीवी माणसाच्या रक्तात आणि पुढे मेंदूत शिरतात. उपचार झाला नाही, तर रोगी दगावतो. या परजीवींजवळही सीपीएसएफ-७३ च्या जातीची कात्री असते. अ‍ॅकोझिबोरोल हे औषध तिच्यात अडकून बसते, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. माणसाच्या कात्रीत नेमक्या त्या जागी आकाराने मोठे अमिनो आम्ल असल्याने औषधाला तेथे शिरता येत नाही. काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक आणि गिनी या देशांत २०८ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. परजीवी मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्ण १८ महिन्यांनंतरच्या तपासणीत बरे झालेले आढळले. पूर्वी अशा रुग्णांना इस्पितळात ठेवून शिरेवाटे औषध द्यावे लागे. येथे त्यांनी एकदाच तीन गोळ्या घेतल्या होत्या.